बत्तिसाव्या पानावरचं पाचवं बटण

आमच्या वाचनालयात मुलांच्या कपाटावर एक पाटी आहे : पुस्तकावर लिहू नये. ती डिंकमावशींनी स्वतः रंगवून लावलेली आहे, मान वर केली की दिसलीच पाहिजे अशी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची सगळी गंमत या पाटीमुळे आहे.

डिंकमावशी म्हणजे आमच्या दुरुस्तीच्या खोलीच्या मालकीणबाई. पगारपत्रकावर त्यांच्या नावापुढे 'पुस्तक-बांधणी' असं असतं, पण मुलांनी कधीतरी डिंकमावशी म्हणायला सुरुवात केली आणि मग सगळेच म्हणायला लागले. मी त्यांच्यापेक्षा चार वर्षांनी मोठा, तरी मीही मावशीच म्हणतो. त्या मला मूड बरा असला की 'भाऊ' म्हणतात, आणि नसला की 'अहो काउंटर'. मी देवघेवीच्या काउंटरवर बसतो. देह चांगला भरलेला असल्यामुळे बसणं हेच माझं मुख्य काम आहे असं लोकांना वाटतं, आणि ते फारसं चुकीचंही नाही.

दुरुस्तीची खोली काउंटरच्या मागेच आहे. एक लांब टेबल, पुस्तकं दाबून ठेवायचं लाकडी यंत्र, खळीचं पातेलं, डिंकाची बरणी, दाभण, सुया, पुठ्ठ्यांचा ढीग आणि उत्तरेकडे एक खिडकी. मुलं पुस्तकांचे जे हाल करतात ते पाहिल्याशिवाय खरे वाटत नाहीत. कोणी पानाची होडी करतं, कोणी दुधात बुडवतं, एकानं तर वाघाच्या चित्राला घाबरून वाघच कात्रीनं कापून आणला होता आणि 'आता पुस्तक चांगलं आहे' असं म्हणाला होता. मावशी हे सगळं पूर्ववत करतात. करताना तोंड चालू असतं. "हात आहेत का खुरपी?" "घरी भिंती खातोस का?" असं ऐकत आमच्या गावच्या दोन पिढ्या वाचायला शिकल्या. फटकळपणात मावशींचा हात धरणारं कोणी नाही. आणि तरी मुलं त्यांच्याच खिडकीशी गर्दी करतात, माझ्याकडे कोणी फिरकत नाही. याचं मला वाईट वाटतं, पण ते असो.

त्या कपाटातलं सगळ्यात जास्त फाटलेलं, म्हणजे सगळ्यात लाडकं पुस्तक म्हणजे अस्वलाचं. अठ्ठेचाळीस पानांचं, छापील टाइपात नसून हातानं काढलेल्या अक्षरांत छापलेलं. गोष्ट साधी आहे. खार आपलं घर कुठल्या झाडावर आहे ते विसरते, आणि अस्वल, साळिंदर, बगळा आणि ती स्वतः असे चौघं ते शोधायला निघतात. अस्वल निळ्या कोटातलं आणि भिडस्त. साळिंदर तोंडाळ. बगळा दर दोन पानांनी उपदेश करतो. हे पुस्तक आमच्या मुलांना इतकं पाठ, की खेळताना त्यावरून एकमेकांच्या परीक्षा घेतात. बगळा कोणत्या पायावर उभा राहतो? डाव्या. फक्त सतराव्या पानावर उजव्या, कारण तिथे डाव्या पायावर खार बसली आहे. खार एकूण किती झाडं चढून उतरते? अकरा. साळिंदराच्या काट्याला अडकलेलं फूल कितव्या पानावर गळतं? छत्तिसाव्या. आणि सगळ्यात अवघड, नवख्याला हमखास पाडणारा प्रश्न : अस्वलाच्या कोटाला बटणं किती? चार. पण बत्तिसाव्या पानावर पाच.

ते पाचवं बटण का, यावर मुलांत तट होते. एका गटाचं म्हणणं, नदी ओलांडायची म्हणून अस्वलानं जादा बटण लावून कोट घट्ट केला. दुसऱ्याचं म्हणणं, ते बटण नाहीच, किडा आहे.

हेच पान आमच्या गावाचं सगळ्यात आवडतं. एकतीस आणि बत्तीस मिळून ते असं आहे : नदी आली. बगळा खारीला घेऊन उडून गेला. अस्वलाला पोहता येत होतं, साळिंदराला येत नव्हतं. पण ते सांगणार कसं? ते म्हणालं, "मला पलीकडे काही काम नाही." अस्वल खाली वाकलं. "बस पाठीवर." "माझे काटे टोचतील." "बस तर." पलीकडे पोचल्यावर साळिंदरानं विचारलं, "टोचलं का रे?" अस्वल म्हणालं, "काही नाही टोचलं." मग ते झाडामागे गेलं आणि हळूच पाठ चोळून आलं.

"काही नाही टोचलं" हे आमच्याकडे घरोघरी बोललं जातं. दवाखान्यातली नर्स सुई टोचायच्या आधी मुलांकडून हेच म्हणवून घेते. आमच्या घरी तर बायको काही लागट बोलली की मीही हेच म्हणतो आणि उठून गॅलरीत जातो.

तर या पुस्तकाला साठ वर्षं पूर्ण झाली. बरीच वर्षं छापून संपलेलं ते पुस्तक प्रकाशकांनी नव्यानं काढलं आणि आमच्यासकट आसपासच्या सहा वाचनालयांतल्या मुलांसाठी स्पर्धा ठेवली : अस्वल आणि त्याच्या मित्रांवर प्रश्न. आमच्या तीन मुलांच्या संघाची म्होरकी ठिपकी. ठिपकी ही मावशींची नात, वय दहा, नाकाच्या शेंड्यावर तीळ म्हणून हे नाव. तिची आई शिवणाच्या कारखान्यात पाळीवर जाते, त्यामुळे शाळा सुटली की ठिपकी दुरुस्तीच्या खोलीत. तिथे तिचा एक ठरलेला उद्योग असे. आजीच्या बोटांवर दिवसभरात वाळलेल्या डिंकाचे पापुद्रे नखानं सोलून काढायचे आणि सोलताना शाळेतलं सगळं सांगायचं. आजी एका हातानं काम करी, दुसरा हात ठिपकीच्या ताब्यात. बाहेर मुलांना ती बजावून सांगे, "माझी आजी कधीच खोटं बोलत नाही. तुझं अक्षर घाण असेल तर घाण म्हणते." ते खरंच होतं.

स्पर्धेला आठवडा असताना नव्या पुस्तकाच्या तीन प्रती आल्या. नवं पुस्तक आलं की ते आधी मावशींकडे जातं, जाड पुठ्ठा आणि प्लास्टिकचं वेष्टण चढवायला. सोमवारी त्यांनी एक प्रत काउंटरवर आणून ठेवली. मी उघडली तर अस्वल डोक्यावर उभं. वेष्टण आणि पुठ्ठा उलटा चढवला होता. तेवीस वर्षांत असं एकदाही झालेलं नव्हतं. मी आत गेलो.

"मावशी, बरं नाही का?"

"दार लावा," त्या म्हणाल्या. त्यांच्यासमोर नवी प्रत आणि आमची जुनी प्रत, दोन्ही उघडी होती. "नव्यातलं एकतीस-बत्तीस वाचा."

मी वाचलं. नदी आली. काठाला होडी होती. सगळे होडीत बसले आणि पलीकडे गेले. उतरताना अस्वलाचा पाय घसरला आणि ते भिजलं. बाकी पानभर होडीचं चित्र.

"हे काय भलतंच छापलंय?" मी म्हणालो. "आपलं पान कुठे गेलं?"

"भलतं नाही. हेच खरं आहे. आपलं पान मी लिहिलंय."

मला आधी कळेचना. मग त्यांनी सांगितलं. बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. पुस्तक दुरुस्तीला आलं तेव्हा हे एकच पान नव्हतं. छापखान्यानं ते इतर पानांबरोबर शिवलेलं नव्हतं, नुसतं कडेला चिकटवलेलं होतं, त्यामुळे डिंक वाळला की ते गळून जायचं. प्रकाशकांना पत्र घातलं, तर पुस्तक संपलं आहे असं उत्तर आलं. आणि खिडकीशी एक एवढीशी मुलगी रोज येऊन विचारायची, ते पलीकडे गेले कसे? मावशींना उत्तर येत नाही असा प्रश्न त्यांना खपत नाही. एका दुपारी त्यांनी पुस्तकातल्यासारखं अक्षर वळवून पान लिहिलं. नवव्या पानावरचं अस्वल आणि चौदाव्यावरचं साळिंदर पातळ कागदावरून उतरवून घेतलं. "तात्पुरतं म्हणून हो. खरं पान मिळालं की काढणार होते."

आमच्या खोलीत तात्पुरतं म्हणून जे चिकटवलं जातं ते सगळ्यात जास्त टिकतं, हे मी इतक्या वर्षांत पाहिलं आहे. पुढे आसपासच्या वाचनालयांतूनही हेच पुस्तक दुरुस्तीला यायला लागलं, कारण बांधणीची खोली फक्त आमच्याकडे. सगळ्यांचं तेच पान गळालेलं. मावशींनी आपल्या पानाच्या झेरॉक्स काढून त्यांच्यातही लावून दिल्या. आमचं धरून एकूण पाच वाचनालयं.

मला हसू आवरेना. माझं पोट हलायला लागलं की खुर्चीही हलते. पुस्तकावर एक रेघ ओढली तर मुलांच्या मागे दारापर्यंत ओरडत जाणाऱ्या या बाईनं अख्खं पान लिहून पाच गावांना वाचायला लावलं होतं.

"हसू नका," मावशी म्हणाल्या. "पोरं चुकीची उत्तरं देणार आहेत. आणि ती माझ्यामुळे."

"मग सांगा की, नव्या आवृत्तीत बदललंय म्हणून. विषय संपला."

"म्हणजे एक थाप झाकायला दुसरी चिकटवू? ठिगळावर ठिगळ लावलं की फुगतं, भाऊ." त्यांनी जुनी प्रत मिटली. मग म्हणाल्या, "ठिपकीला काय वाटेल?"

तेव्हा मला कळलं की त्यांना पाटीची, नोकरीची, ग्रंथपालबाईंची कशाचीच भीती नव्हती. भीती होती ती एका दहा वर्षांच्या मुलीची. मला त्यांची फार माया आली, आणि ती दाखवायची कशी हे न कळून मी विचारलं, "पण ते काट्यांचं सुचलं कसं तुम्हाला?"

"मी नवी होते तेव्हा आठवतं का? नवरा गेलेला, पोरगी लहान. कोणी जवळ आलेलं नको असायचं मला. येईल त्याला फाडून खायची. तुम्ही तेवढे रोज चहा आणून ठेवायचात आणि बोलणी खाऊन जायचात. एकदा मी विचारलं, राग येत नाही का तुम्हाला? तर म्हणालात, छे हो, राग कसला."

"आणि बाहेर जाऊन मी तुमची तक्रार केली होती," मी म्हणालो.

"माहितीये मला. म्हणून तर ते झाडामागे जाऊन पाठ चोळतं."

त्याच दुपारी ठिपकी आली. मी उठायला लागलो तर मावशी म्हणाल्या, तुम्ही बसा. मग त्यांनी दोन्ही पुस्तकं तिच्यापुढे ठेवली आणि काही न लपवता सगळं सांगितलं. ठिपकीनं होडीचं पान वाचलं, मग आमचं वाचलं, मग पुन्हा होडीचं. तिचा चेहरा एवढासा झाला.

"पाचवं बटणसुद्धा?" तिनं विचारलं.

"तेही माझंच. हात चुकला."

ठिपकीनं जुनं पुस्तक बाजूला सारलं. दप्तर उचललं, आजीकडे न बघता मला म्हणाली, "काका, नवं पुस्तक माझ्या नावावर द्या," आणि गेली. पुढचे चार दिवस ती येत होती, संघाला घेऊन तयारी करत होती, होडी पाठ करून घेत होती. पण बसायची ती वाचनकक्षात. आजीच्या बोटांवरचा डिंक तसाच वाळत राहिला. आणि मावशींनी त्या चार दिवसांत कोणालाही रागावलं नाही. एक मुलगा चिखलाचे हात घेऊन नकाशांच्या पुस्तकाला भिडला तरी त्या काही बोलल्या नाहीत. तो बिचारा घाबरून आपणहून हात धुऊन आला.

शनिवारी सकाळी आम्ही बसनं निघालो. स्पर्धा तासाभराच्या अंतरावरच्या मोठ्या गावातल्या शाळेच्या सभागृहात होती. मावशी निघायच्या आधीही खोलीत जाऊन दोन पुस्तकं चिकटवून आल्या होत्या, जीव रमवायला. सहा टेबलं, सहा संघ, प्रत्येकापुढे पाटी आणि खडू. प्रश्न विचारायला एक सत्तरीच्या बाई आल्या होत्या. ज्यांनी हे पुस्तक लिहिलं त्यांची ती मुलगी, असं कळलं. बगळ्याचा पाय झाला, अकरा झाडं झाली, फूल गळून झालं. सगळ्या संघांची सगळी उत्तरं बरोबर. आमच्या ग्रंथपालबाई पहिल्या रांगेत ताठ बसल्या होत्या.

"अस्वलाच्या कोटाला बटणं किती?"

सहा पाट्या वर झाल्या. यजमान वाचनालयाची प्रत कधी आमच्याकडे आली नव्हती, त्यांनी लिहिलं होतं : चार. ठिपकीच्या पाटीवरही चार. बाकीच्या चार पाट्यांवर : चार, पान बत्तीसवर पाच. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावला. इतरांनीही नवी प्रत वाचली असेल असं आम्ही धरून चाललो होतो, पण त्या चार वाचनालयांतल्या नव्या प्रती अजून कार्यालयाच्या कपाटात कुलपात होत्या, हे आम्हाला नंतर कळलं.

"बरं, पुढचा. साळिंदर नदी कसं ओलांडतं?"

पाट्या वर झाल्या. यजमान : होडीतून. ठिपकी : होडीतून. आणि चार पाट्यांवर, चार वेगवेगळ्या हस्ताक्षरांत : अस्वलाच्या पाठीवरून. एकीवर खाली बारीक अक्षरात 'काही नाही टोचलं' सुद्धा.

मावशी माझ्या मागे सरकल्या. माझ्या रुंदीचा असा उपयोग प्रथमच होत होता.

"हे तुम्ही कुठे वाचलंत?" बाईंनी विचारलं. "पुस्तकात तर होडी आहे."

"आमच्या पुस्तकात नाही," एक मुलगी रडवेली होऊन म्हणाली. "आमच्या पुस्तकात पाठच आहे. मी शंभरदा वाचलंय." शेजारच्या टेबलावरची मुलंही माना हलवायला लागली. गुण लिहिणारे गृहस्थ फळ्याकडे वळले आणि आमच्या नावापुढे खडू टेकवला.

तेवढ्यात ठिपकी उभी राहिली.

"त्यांच्या पुस्तकात खरंच तसं आहे," ती म्हणाली. "ते पान माझ्या आजीनं लिहिलंय. खरं पान हरवलं होतं म्हणून. आम्हाला तिनं स्वतः सांगितलं, म्हणून आम्हाला माहीत. त्यांना कोणी सांगितलंच नाही. मग हे गुण आमचे कसे?"

ग्रंथपालबाई हळूहळू मागे वळल्या. मी नजर चुकवली.

"आजी आल्यात का?" बाईंनी विचारलं. ठिपकीनं बोट दाखवलं, नेमकं माझ्या पोटाकडे. मी निमूट बाजूला झालो.

"काय लिहिलंत तुम्ही त्या पानावर?" बाईंच्या आवाजात राग नव्हता, नुसती उत्सुकता होती. मावशी उभ्या राहिल्या. तेवीस वर्षांत ज्यांचं तोंड कधी अडलं नाही त्या बाईला एक शब्द फुटेना. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या "नदी आली..." एवढंच म्हणाल्या आणि थांबल्या.

"बगळा खारीला घेऊन उडून गेला," ती रडवेली मुलगी म्हणाली. मग तिचा संघ म्हणायला लागला, मग दुसरा, तिसरा, चौथा, आणि शेवटी आमची मुलंही. पंधरा मुलांनी ते पान पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत एका सुरात म्हटलं. "काही नाही टोचलं" आल्यावर मागे बसलेले आईबापही म्हणाले. माझे डोळे भरून आले होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

बाई बराच वेळ हसत होत्या, आणि हसता हसता डोळे टिपत होत्या. मग म्हणाल्या, "आता घरातली गोष्ट सांगते. नदी कशी ओलांडली हे लिहायला बाबा विसरले होते. पुस्तक छापून झाल्यावर लक्षात आलं. मग घाईघाईत होडी काढून ते पान चिकटवलं. शेवटपर्यंत म्हणायचे, त्या होडीत काही दम नाही."

ते दोन प्रश्न बाद झाले. उरलेल्या प्रश्नांत यजमान एका गुणानं पहिले आले, आम्ही दुसरे. बक्षीस म्हणून रंगीत खडूंची पेटी मिळाली. बाहेर बसची वाट बघताना ग्रंथपालबाई मावशींसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"सोमवारी ते पान काढायचं आणि खरं पान लावायचं," त्या म्हणाल्या. मावशींनी मान हलवली. "आणि तुमचं पान पुस्तकाच्या शेवटी बांधायचं. खाली तुमचं नाव लिहा."

"पुस्तकावर लिहू नये, बाई," मावशी म्हणाल्या. चार दिवसांत त्यांनी पहिल्यांदाच कोणालातरी टोमणा मारला होता. मला फार बरं वाटलं.

बसमध्ये ठिपकी आजीच्या शेजारी जाऊन बसली. मी मागच्या बाकावर, दोघांची जागा अडवून. बस गावाबाहेर पडली. मग मावशी पुढे बघतच म्हणाल्या, "ठिपके, त्या दिवशी सांगितलं तेव्हा... टोचलं का गं?"

ठिपकीनं थोडा विचार केला.

"टोचलं," ती म्हणाली. "खूप टोचलं."

आणि तिनं आजीचा हात मांडीवर ओढून घेतला आणि अंगठ्यापासून डिंक सोलायला सुरुवात केली.